रूळवाटेवरचा उसना उतार

इंग्रजीत ज्याला 'रेल-ट्रेल' म्हणतात त्याला मराठीत शब्द नाही, कारण आपल्याकडे ती वस्तूच जवळजवळ नाही. आगगाडी बंद झाली, रूळ आणि स्लीपर उचलून नेले आणि मागे राहिलेल्या भरावावर चुनखडीची बारीक खडी दाबून पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी वाट केली, की तिला हे नाव मिळते. ह्या लेखापुरते आम्ही तिला 'रूळवाट' म्हणणार आहोत. शब्द फार देखणा आहे असा आमचा दावा नाही. पण त्यात 'रुळलेली वाट'ही ऐकू येते, आणि आम्हांला जे म्हणायचे आहे ते ह्या दोन अर्थांच्या मधल्या जागेतले आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. सायकलीशी आमचा संबंध विद्यार्थिदशेत होता तेवढाच. पुढे दुचाकी आली, मग गुडघे आले. गेल्या वर्षी पिट्सबर्गला राहणाऱ्या आमच्या भाच्याने आग्रह केला म्हणून जूनमध्ये आम्ही चार दिवस 'ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज' ह्या वाटेवर सायकल चालवली. मेरीलंडमधल्या कंबरलंडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत ही वाट दीडशे मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर आहे. तिचा पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइलजवळ खुला झाला आणि शेवटचा दुवा जुळायला २०१३ उजाडले. ह्या सत्तावीस वर्षांत गावोगावच्या लहान संस्था आणि स्वयंसेवक आपापला तुकडा पूर्ण करीत राहिले. कंबरलंडला ती पोटोमॅक नदीकाठच्या जुन्या कालव्याच्या वाटेला मिळते. पुढे त्या वाटेने थेट वॉशिंग्टनपर्यंत जाता येते. आम्ही तेवढे शूर नव्हतो.

जाण्यापूर्वी आम्ही अध्यापकी सवयीने वाचन केले. ह्या वाटेवरून गेलेल्या सायकलस्वारांच्या रोजनिशा विपुल आहेत आणि त्यांचा एक घडीव साचा आहे. सकाळी किती वाजता निघालो, किती मैल झाले, हवा कशी होती, चाक कुठे पंक्चर झाले, संध्याकाळी काय खाल्ले. मधूनमधून हरीण, कासव, क्वचित अस्वल. सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द 'शांतता'. त्या खालोखाल येणारी गोष्ट म्हणजे चढाचे आश्चर्य. डोंगर ओलांडला, पण चढ जाणवलाच नाही, असे जो तो लिहितो.

ही वर्णने खोटी नाहीत. आम्हांलाही तसेच वाटले. कंबरलंडहून निघाले की सुमारे अडतीस किलोमीटरांत साधारण साडेसतराशे फूट चढायचे असते, पण हा चढ शंभर फुटांमागे दोन फुटांच्या आतबाहेर ठेवलेला आहे. आपल्या बोरघाटात आगगाडी सदतीस फुटांमागे एक फूट चढते, तिला मागून इंजिन लावावे लागते. त्या मानाने हा चढ सौम्य. सायकलचा गिअर एकदा बसला की तासन् तास पाय एकाच लयीत फिरत राहतात. फ्रॉस्टबर्गपर्यंत वाटेच्या शेजारी रूळ अजून आहेत आणि त्यांवर पर्यटकांची गाडी चालते; एका बोगद्यात तर रूळ आणि वाट दोन्ही एकत्रच शिरतात. पुढे मेसन आणि डिक्सन ह्यांनी अठराव्या शतकात आखलेली ती प्रसिद्ध सीमारेषा दगड रोवून दाखवली आहे. मग बिग सॅव्हेज बोगदा. तो जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे. जूनमध्येही आत शिरताच अंगावर शहारे आले, दिवे होते तरी छतावरून पाणी ठिबकत होते. हिवाळ्यात ते पाणी गोठून बोगद्याला इजा करते म्हणून त्या काळात दोन्ही तोंडांना दारे लावून तो बंद ठेवतात. आवाज कसा घुमतो हे पाहण्यासाठी आमच्यातल्या एकीने तिथे आईकडून ऐकलेली एक ओवी म्हटली. समोरून येणाऱ्या दोघा वृद्ध सायकलस्वारांनी सायकली थांबवून टाळ्या वाजवल्या. ती ओवी जात्यावरची होती, हे त्यांना सांगण्याइतके इंग्रजी आम्हांला ऐन वेळी सुचले नाही.

बोगद्याच्या थोडे पुढे २,३९२ फुटांवर जलविभाजक आहे. इथून अलीकडे पडलेला पाऊस अटलांटिककडे जातो, पलीकडचा ओहायो आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे. त्यानंतर पिट्सबर्गपर्यंत सारा सौम्य उतार आहे. पाय मारायचे नावापुरते. आणि ह्या उताराविषयीच आमची तक्रार आहे.

तक्रार उताराशी नाही, उतारावर लिहिल्या जाणाऱ्या गद्याशी आहे. सायकलस्वार हा उतार निसर्गाचा म्हणून उपभोगतो. वाटेवर झाडी इतकी दाट आहे, नदी इतकी जवळून वाहते, की कुणालाही तसेच वाटावे. पण निसर्गात असा उतार नसतो. डोंगर जिथे उंच होता तिथे तो फोडला आहे, दरी जिथे खोल होती तिथे भराव घातला आहे किंवा पूल टाकला आहे. मायर्सडेलजवळचा सॉल्झबरी पूल १,९०८ फूट लांब आहे. त्यावरून जाताना खाली कॅसलमन नदी, हमरस्ता आणि आजही चालू असलेली एक रेल्वे दिसते. वेस्टर्न मेरीलंड रेल्वेने हा भाग १९१२ मध्ये पुरा केला तो कोळसा वाहण्यासाठी. १९७५ मध्ये तो सोडून देण्यात आला. कोळशाने लादलेल्या वाघिणींना जो चढ परवडेल तोच चढ आज चाळिशीतल्या, गुडघे दुखणाऱ्या दोन मराठीच्या अध्यापकांना परवडतो. आम्ही त्याला आपसांत 'उसना उतार' म्हणू लागलो. उसन्या वस्तूचा उपभोग घेण्यात पाप नाही. ती कुणाची हे विसरण्यात मात्र काहीतरी चुकते.

मायर्सडेलचे जुने स्थानक आता स्थानिक इतिहासाचे संग्रहालय आहे. तिथे एका वयोवृद्ध स्वयंसेवकाशी गप्पा झाल्या. त्यांचे वडील लाइनीवर गँगमध्ये होते. आम्ही वाट किती सुंदर आहे वगैरे म्हणालो. ते म्हणाले, "सुंदर आहे खरी. तुम्ही लोक येता म्हणून गावात दोन खाणावळी चालतात." मग थोडे थांबून म्हणाले, "पण माझे वडील ह्या वाटेवर कधी फिरायला आले नाहीत. म्हणायचे, तिथे मी कामाला जात होतो." आम्ही ते वाक्य वहीत लिहून घेतले. आमच्या चार दिवसांच्या टिपणांत ह्यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काही नाही.

तिसऱ्या दिवशी ओहायोपाइलहून निघालो. कॉनेल्सव्हिल हे एके काळी पोलादासाठी लागणाऱ्या कोकचे मोठे केंद्र होते. परिसरात मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या हजारो भट्ट्या रात्रंदिवस जळत. त्यानंतर वाट यॉकगेनी नदीच्या काठाने जाते. स्मिथटनच्या अलीकडे, व्हॅन मीटर नावाच्या जागी, वाटेलगत एक फलक आहे. १९ डिसेंबर १९०७ रोजी इथल्या डार खाणीत स्फोट झाला आणि २३९ पुरुष व मुलगे मेले. पुष्कळसे हंगेरी आणि आसपासच्या प्रदेशांतून नुकते आलेले. काहींची ओळखही पटली नाही. त्यांना एकाच खड्ड्यात पुरले. जुन्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी संत निकोलसचा सण होता. तो पाळण्यासाठी जे कामाला न जाता चर्चमध्ये गेले ते वाचले, असे सांगतात. चौकशीत कंपनी निर्दोष ठरली. त्याच महिन्याच्या ६ तारखेला शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात मोनोंगाच्या खाणीत ३६२ माणसे मेली होती.

आम्ही फलकाजवळ अर्धा तास बसलो. तेवढ्या वेळात वीसएक सायकली गेल्या. दोन थांबल्या, एकीवरच्या माणसाने पाणी प्यायले, दुसरीवरच्या बाईंनी फलक वाचला आणि डोक्यावरचे हेल्मेट काढून हातात धरले. बाकीचे उतारावर होते. उतारावर थांबणे जिवावर येते, हे आम्हीही अनुभवाने सांगू शकतो.

परत आल्यावर आम्ही पूर्वी वाचलेल्या रोजनिशा पुन्हा चाळल्या. आम्ही पाहिलेल्या बहुतेकींत ह्या जागेचा उल्लेख नव्हता. त्याच दिवशीची नोंद, तीच नदी, दुपारच्या सँडविचचे तपशीलवार वर्णन, आणि व्हॅन मीटर नाही. हे पाहून आम्हांला विष्णुभट गोडशांची आठवण झाली. 'माझा प्रवास' पहिल्यांदा छापला गेला तोही १९०७ मध्येच. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. पण तुलना करण्याजोगी आहे. गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले होते. त्यांना क्रांती पाहायची नव्हती, इतिहास लिहायचा नव्हता. तरीही १८५७ च्या झाशीत जे डोळ्यांसमोर आले ते त्यांनी टाळले नाही. प्रवासवर्णनकाराचा हेतू उदात्त असावा लागतो असे नाही. वाटेने जे दाखवले त्यासाठी पाय थांबावे लागतात, इतकेच. सायकलस्वारांच्या रोजनिशांत हेतूचा दोष नाही. दोष वेगाचा आणि साच्याचा आहे. मैलांचा हिशेब हाच कथासूत्र झाला की मैलाच्या दगडांखेरीज दुसरे दगड दिसत नाहीत. (आपल्याकडच्या परदेशप्रवासाच्या वर्णनांविषयीही हेच म्हणता येईल, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे आणि त्यात मित्र दुखावले जातील.)

चौथ्या दिवशी पिट्सबर्गच्या अलीकडे होमस्टेड लागते. ६ जुलै १८९२ रोजी इथे कार्नेगीच्या पोलाद कारखान्यातले टाळेबंदीत अडकलेले कामगार आणि नदीतून बजऱ्यांवर आणलेले पिंकर्टन संस्थेचे भाडोत्री शिपाई ह्यांच्यात गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची माणसे मेली. ती जागा दाखवणारे जुने पंपघर उभे आहे. कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्या जागी आता खरेदीचे भव्य संकुल आहे आणि कडेला बारा धुराडी एका ओळीत शोभेसाठी राखली आहेत. गिरणगावात ज्यांनी थोडेफार फिरणे केले आहे त्यांना ह्या दृश्याची भाषा वेगळी समजावून सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या जमिनींचे काय झाले हे आपण पाहिले आहे. धुराडे ठेवायचे, धूर काढणारा ठेवायचा नाही, ही सौंदर्यदृष्टी दोन्हीकडे सारखीच.

इथवर आमचे मत बरेच ठाम होते आणि तसाच लेख लिहायचा बेत होता. परत आल्यावर पदव्युत्तर वर्गात प्रवासवर्णन शिकवताना आम्ही ह्या वाटेची छायाचित्रे दाखवली. बोलण्याच्या ओघात म्हणून गेलो की आपल्या विदर्भातली शकुंतला आता धावत नाही. त्या मार्गाचीही अशी वाट करता येईल, आणि स्थानकांवर तिथल्या कामगारांचा, कापसाचा इतिहास लिहिता येईल. आम्हांला वाटले, आपण फार चांगली कल्पना मांडली. अचलपूरकडच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. म्हणाली, "सर, गाडी बंद आहे म्हणून मेली थोडीच?" वर्ग हसला. ती हसली नाही. "माझी आजी दवाखान्यात त्याच गाडीने जायची. बसला तिकीट किती लागतं माहीत आहे का? तुम्ही तिथं सायकलची वाट केली तर ती चालवणार कोण, मॅडम? पुण्याहून येणारे."

ज्यांना ह्या गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मूर्तिजापूरपासून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला, मिळून सुमारे १९० किलोमीटरांचा हा अडीच फुटी मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी बांधला. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन होते. गेली काही वर्षे गाड्या बंद आहेत. मार्ग रुंद करून गाडी पुन्हा सुरू करा ही मागणी मात्र बंद झालेली नाही. म्हणजे तिथल्या लोकांच्या दृष्टीने तो 'जुना रेल्वेमार्ग' नाहीच. तो थांबलेला रेल्वेमार्ग आहे. आणि आम्ही भर वर्गात त्याचे सुंदर और्ध्वदेहिक करायला निघालो होतो.

मुलीचा आक्षेप आम्हांला पेनसिल्व्हेनियातल्या फलकाइतकाच खिळवून गेला. स्मृती जपली जात नाही एवढीच आमची तक्रार होती. पण स्मृती जपणे हेच कुणाला तरी अकाली मारणे ठरू शकते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. रूळवाट जेव्हा होते तेव्हा कुणीतरी आधी ठरवलेले असते की इथे आता गाडी येणार नाही. ते कुणी ठरवायचे? सायकलस्वाराने नक्कीच नाही. अध्यापकाने तर नाहीच.

ह्या प्रश्नाला अमेरिकेत कायद्याने एक उत्तर दिले आहे आणि ते रसिकांच्या कुठल्याही उत्तरापेक्षा आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटते. १९८३ मध्ये तिथल्या पायवाटांविषयीच्या राष्ट्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. तीनुसार बंद पडणारा रेल्वेमार्ग 'सोडला' असे न धरता 'राखून ठेवला' असे धरता येते. मधल्या काळात तिथे वाट करायची, पण गरज पडेल तेव्हा आगगाडीचा हक्क शाबूत. असे राखलेल्या मार्गांपैकी थोड्यांवर पुन्हा रूळ पडलेही आहेत. अर्थात ह्यालाही दुसरी बाजू आहे. रेल्वेला जमीन वापरापुरती दिलेले शेतकरी म्हणाले, गाडी गेली तर जमीन आमची. सायकलींसाठी आम्ही ती दिली नव्हती. १९९० मध्ये व्हरमाँटमधल्या एका कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, मात्र भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेवली. २०१४ मध्ये वायोमिंगमधल्या एका दाव्यात, जिथे मार्ग राखून न ठेवता सोडून दिलेला होता तिथे, निकाल जमीनमालकाच्या बाजूने लागला. 'सोडणे' आणि 'राखणे' ह्या दोन क्रियापदांवर शेकडो मैल जमिनीचे भवितव्य ठरते, हे भाषेच्या अध्यापकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. व्याकरणाच्या तासाला आम्ही आता हे उदाहरण देतो.

तेव्हा शकुंतलेविषयी आमचे मत आता असे आहे. तिथल्या लोकांना गाडी हवी आहे तोवर सायकलवाटेची भाषा बाहेरच्यांनी करू नये. पुढेमागे त्यांनीच ती केली, तर ती राखण्याची असावी, सोडण्याची नको. आणि ती वाट झालीच तर व्हॅन मीटरसारखा एक फलक पुरणार नाही. कारण फलक वाचायला थांबावे लागते आणि सायकलस्वार थांबत नाही हे आम्ही मोजून पाहिले आहे.

आणखी एक कबुली द्यायला हवी. एवढे सगळे म्हणूनही ते चार दिवस आमच्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांत मोडतात. फलकाजवळून उठल्यावर आम्ही पुन्हा सायकलींवर बसलो, आणि दहा मिनिटांत पुन्हा आनंदात होतो. नदीपलीकडच्या काठाने एक मालगाडी चालली होती. डबे मोजता मोजता आमचा हिशेब शंभराच्या पुढे चुकला. ती गाडी कामावर होती, आम्ही सुटीवर. आणि दोघांच्याही खालची जमीन तशाच माणसांनी सारखी केलेली होती. सुखात अपराधी वाटून घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. रोजनिशी लिहिताना त्या दिवसाच्या नोंदीत २३९ हा आकडा मैलांच्या आकड्याशेजारी यावा, एवढेच.

त्या विद्यार्थिनीने सत्राअखेरच्या प्रकल्पासाठी प्रवासवर्णनाऐवजी एक यादी आणून दिली. आजीने सांगितलेली, अचलपूर ते मूर्तिजापूर गाडी जिथे जिथे थांबे त्या जागांची. आम्ही ती नकाशाशी ताडून पाहिली. तिच्या यादीत दोन नावे जास्त होती. विचारले तेव्हा म्हणाली, "तिथं स्टेशन नव्हतं, मॅडम. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया हात करायच्या, आणि गाडी थांबायची." गुण किती द्यावेत ह्यावर आमच्या दोघांत अजून वाद आहे.